हरणांची पाणपोई

२ मार्च
अभनपूरवरून शकूच्या अभयारण्यात. धाकटी बहीण रेंजर आहे हे मी लोकांना अजून अशा थाटात सांगतो, जणू परीक्षा मीच दिली होती. वरचं तळं आता होळीआधीच आटतं, बोअरही कोरडी. म्हणून चितळांना कायमचं खाली, नदीच्या डोहाकडे वळवायचं. पाण्याचं टाकं ती दर आठवड्याला दोनशे पावलं खाली सरकवते, कळप मागोमाग उतरतो. परवानगीसाठी दोन वर्षं भांडली. हा पहिला उन्हाळा.
"हरणांची बदली करून राहिली का गं?"
"हव दादा. अन् ते तुझ्यासारखे बदली रद्द करायले पुढाऱ्याकडे जात नाहीत."

१९ मार्च
वरच्या तळ्याच्या भेगांत एकटी मादी उभी दिसली. घरी येऊन लेख लिहिला. आश्रम, मृग, तृषा... संस्कृत पाठशाळेत शिकलेलं सगळं ओतलं. टाक्याचा उल्लेख गाळला. करुणरसात व्यवस्थापन बसत नाही.

२२ मार्च
पेपरात छापून आलं. पंडरी बाजारातल्या कापडवाल्या शेठजींचा फोन. "पंडितजी, रुला दिया आपने." हरणांसाठी प्याऊ, म्हणजे पाणपोई लावणार, वरच्या तळ्यात रोज टँकर. गावाकडच्या बाजूनं गाडी थेट तळ्यापर्यंत जाते, हे मीच सांगितलं. शकूला विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे, विचारलं नाही.

२५ मार्च
उद्घाटन. बॅनर, हार, फीत. फीत मी कापली.
संध्याकाळी शकूचा फोन. "काहून केलं दादा? तुले सगळं दाखवलं होतं ना?"
पुण्याचं काम आहे, म्हटलं.
"पुण्य तुमचं, हरणं माझी. अर्ध्यात आली होती रे ती."
तिनं टँकर अडवायचं ठरवलं होतं. वरिष्ठांनी सांगितलं, लोकांची भावना आहे, राहू द्या.

१ एप्रिल
तिचा गार्ड सुकालू बाजारात भेटला. "भैया, सब्बो उप्पर चल दिन." सगळी परत वरच्या तळ्याकडे. खालच्या टाक्यावर आता फक्त माकडं.

१७ एप्रिल
टँकर परवापासून बंद. शेठजींच्या दुकानात गेलो. "लगन का सीज़न है, पंडितजी, आदमी कहाँ से लाऊँ?" पंधरा दिवस तरी चालवा, तेवढ्यात शकू कळप पुन्हा उतरवेल, म्हटलं. "अगले साल पक्का." शालूंच्या गठ्ठ्यांत तासभर उभा होतो.
शकू अन् सगळे गार्ड पलीकडच्या टोकाला वणवा विझवत आहेत. फोन लागला असता बहुतेक. लावला नाही. दुसरा टँकर जमवूनच सांगावं म्हटलं, म्हणजे तोंड दाखवायला...

२२ एप्रिल
टँकर जमला नाही. सुकालूनं कळवलं, गेलो.
चौदा. टँकरच्या उरल्यासुरल्या चिखलात. तोंडं सगळ्यांची गावाच्या बाजूला, जिकडून टँकर यायचा.
शकूचे हात कोपरापर्यंत काजळलेले. पंचनामा लिहीत होती. "पंच म्हणून सही करता का?" एवढंच. 'करता' म्हणाली.
केली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. लाज वाटली.

२९ एप्रिल
वरच्या कार्यालयानं शकूलाच खुलासा मागितला आहे. वरचं पाणी बंद केलं म्हणून चितळं मेली, म्हणे. सोमवारी बैठक, योजना गुंडाळायची असं दिसतं.
सगळं लिहून दिलं : रस्ता, फीत, न केलेला फोन. या खेपेला उपमा एकही नाही. संपादक म्हणाले, "देखते हैं." म्हणजे नाही.

३ मे
न विचारता गेलो. उरलेल्या कळपासाठी टाकं पुन्हा वर आणलंय, पहिल्या पावलापासून सुरुवात. लेखाची प्रत तिला दिली. उभ्यानं वाचली, घडी घालून परत दिली.
"छापून काय करू? सोमवारी बैठकीत येऊन बोल. त्या शेठसमोर, साहेबांसमोर."
येतो, म्हटलं.
"तू बोलला तर योजना वाचेल कदाचित." जीपमध्ये बसली. चावी फिरवली, पुन्हा बंद केली. "आपल्या दोघांचं काय, ते मले माहीत नाही दादा."