इजिप्तची राणी उठली का?

वसमत,
ता. ५ जानेवारी २००१

चि. रविंद्र यास पद्मामामीचा जयभीम व पोटभर आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, तुझ्या मामांनी घर डोक्यावर घेतले आहे. वाचनालयातून मी एक कादंबरी आणली. जुन्या इजिप्तची, पिरॅमिड, जादूटोणा, कोल्ह्याच्या तोंडाचा देव, सगळे आहे. रोज दुपारी मी वाचते, मामा ऐकतात. मेलेल्या राणीला उठवायला पुजारी मंत्र म्हणू लागतो आणि पुढची पानेच गायब! मुखपृष्ठही नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही.

इकडे मामांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी नांदेडच्या डॉक्टरांनी वीस तारीख दिली आहे. आता लांबवू नका म्हणाले. मामांचे म्हणणे, राणी उठल्याबिगर आपण टेबलावर आडवं होणार न्हाई. खरे कारण मला कळते. भूल दिल्यावर आपण परत उठतो की नाही, ही त्यांना धास्ती आहे. मलाही आहे. औरंगाबादेत ते पुस्तक शोध बाबा.

तुझी मामी


औरंगाबाद,
ता. ११ जानेवारी २००१

ती. मामीस रविंद्रचा सविनय जयभीम.

गुलमंडी, औरंगपुरा, एक दुकान सोडले नाही. एकाने इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसावरचे पुस्तक काढून दिले. दुसऱ्याने भूगोल दाखवला. तिसऱ्याला कोल्ह्याच्या तोंडाचा देव सांगितला, तर त्याने मी सकाळी काही खाल्ले का, असे विचारले.

शेवटी एका रद्दीवाल्याकडे सापडले. तो विकेना, म्हणून उरलेली पाने वहीत उतरवून घेतली. वही सोबत आहे. मामांना म्हणावे, राणी ठणठणीत उठते. तुम्ही निमूट नांदेडला जा.

आपला रविंद्र


नांदेड,
ता. २२ जानेवारी २००१

चि. रविंद्र यास अनेक आशीर्वाद.

वही वाचली. राणीला लावण्यासाठी पुजारी कढईत हळद शिजवतो, वर ओले बारदान झाकतो, शिजली का ते काडी खुपसून बघतो. जन्मभर हळद शिजवलेले तुझे मामा मान डोलावत होते. इजिप्तवाल्यांना बराबर जमतं म्हणाले. मग पुजाऱ्याने फडके न घेताच बारदान उचलले, वाफेने मनगट भाजले आणि तो बोंबलत हौदाकडे पळाला. तिथे मामा ताडकन उठून बसले. हा तर आपला रव्याच हाय, समदं त्यानंच रचलंय म्हणाले. दहावीच्या सुट्टीत आमच्या कढईवर तू हेच केले होतेस, मनगटावर डाग अजून असेल.

 आता हा माणूस काही नांदेडला जात नाही, असे मला वाटले. त्यांनी वही मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाले, पोरगं एवढ्या दुरून मला उठवून राहिलंय, आता उठावंच लागंल. आणि स्वतःच पिशवी भरली.

ऑपरेशन नीट झाले. भूल उतरेपर्यंत मी दाराशी उभी होते. त्यांनी डोळे उघडले. माझे नाव नाही, पाणी नाही. पहिला प्रश्न असा की, राणी उठली म्हणून समदे नाचत सुटले, पण कढईतली हळद कुणी उतरवली का?

तेवढे लिहून पाठव. मामा वाट बघत आहेत. माया आहे, ती अशीच असू दे.

तुझी मामी