जुगल बॅरिस्टरची बिनटपाची गाडी

हिंगोली,
शनिवार, ड्युटीवरून आल्यावर

प्रिय प्रमोद,

पाकीट बघून घाबरू नकोस. सगळं ठीक आहे. माझा गुडघा अजून जिने चढतो आणि माझी लेक पुनम नांदेडला तिच्या नोकरीत मजेत आहे. हातात फोन असताना मी कागद घेऊन बसले, कारण फोनवर तू एक बोलतोस, मी दोन ऐकवते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. इथे तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. मला हे फार आवडलंय.

मुद्दे दोन आहेत. एक, जुगल बॅरिस्टरची गाडी. दुसरा, तू मला विचारलेला प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर मी पहिल्यावर टांगून ठेवलं होतं, हे तुला माहीत आहे, आणि आता आमच्या अख्ख्या डेपोलाही माहीत आहे. चूक तुझीच. लग्नाचं विचारायला तुला बाळापूरच्या स्टँडवर, माझ्या भरल्या एसटीच्या दारात उभं राहायची काय गरज होती? पुण्याची कंपनी सोडून गावाकडे आलास, स्पेअर पार्टचं दुकान टाकलंस, चांगलं स्थिरस्थावर झालास. मला वाटलं माणूस शहाणा होऊन आला असेल. तर तू खाली उतरलास, पिशवी खांद्यावर घेतलीस आणि बस चुकल्याची चौकशी करावी तशा आवाजात म्हणालास, "निता, आता दोघंबी एकटेच. लगीन करायचं का आपण?" थावरा ड्रायव्हरने नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं. मागच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, "व्हय म्हन की बाई, आमाला उशीर होऊन राहिला." माझ्या तोंडून काय निघालं? तर जुगल बॅरिस्टर कोणती गाडी चालवायचा ते आधी सांग, मग बघू. आणि मी डबल बेल देऊन बस सोडली, कंडक्टरच्या हातात तेवढंच असतं.

खरं सांगते, ते मी विचार करून बोलले नव्हते. वेळ मारून नेली. त्या गाडीवरून आपण शाळेत वर्षभर भांडलो होतो, तेच जिभेवर आलं. कुरुंद्यात तेव्हा टीव्ही मोजकेच, आणि आपल्या गल्लीचा टीव्ही म्हणजे इस्माईल चाचांच्या शिलाईच्या दुकानातला. रविवारी मालिका लागली की तुम्ही पोरं ओट्यावर गर्दी करायचा. जुगल बॅरिस्टर काळा कोट उडवत यायचा, त्या बुटक्या बिनटपाच्या गाडीत दार न उघडताच उडी मारायचा आणि खुन्याच्या मागे सुटायचा. खुनी कोण, हे मला एकाही भागात कळलं नाही. मी गाडीच बघायचे. सोमवारी शाळेत तू म्हणायचास, स्टिअरिंग उजवीकडे होतं. मी म्हणायचे, डावीकडे, म्हणजे गाडी परदेशातून आलेली. शिवाय तिच्या नंबरमधलं एक अक्षर मला वाचता यायचं नाही, हा माझा मोठा पुरावा. तू म्हणायचास, साधं आर तर आहे. मी म्हणायचे, तुझे डोळे तपासून घे. एक गोष्ट मात्र खरी, रंगावरून आपण कधीच भांडलो नाही. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर दोघांनाही ती लालच दिसायची.

मला वाटलं होतं तू विसरून जाशील. तू कसला विसरतोस! पंधरवडाभर माझ्या फोनवर रोज एक गाडी येत होती. दोन दारांची, गोल दिव्यांची, लांब नाकाची, तिकीट देता देता मी एकेक नापास करत होते. थावरा गमतीने विचारायचा, "बाई, आज कोणतं स्थळ आलं?" मग एके दिवशी तू एकच फोटो पाठवलास, बॉनेट उघडलेल्या गाडीचा. तिचं नुसतं झाकण उघडत नव्हतं. दोन्ही मडगार्ड आणि दिव्यांसकट अख्खं तोंडच पुढे कलत होतं. खाली लिहिलं होतंस, "ट्रायम्फ स्पिटफायर, इंग्लंडची. घाटात गाडी बंद पडते तो भाग आठव." आठवला रे. लगेच आठवला. बॅरिस्टर त्या उघड्या तोंडाशी वाकून उभा आहे आणि मागून खुनी येतोय, आणि आम्ही पोरी दुकानात आत एकमेकींचे हात दाबतोय. गाडी तीच होती. मी कळमनुरीच्या स्टँडवर एकटीच हसले.

पण फोटोतलं स्टिअरिंग उजवीकडे होतं. मी तुला लिहिलं, नाव बरोबर, गाडी चूक, आपल्या बॅरिस्टरचं स्टिअरिंग डावीकडे. मला वाटलं आता तू भांडशील, मी कंबर कसूनच बसले होते. तुझं उत्तर आलं, "तू म्हणतीस तर डावीकडंच असंल. मला काय तकलीफ न्हाई."

प्रमोद, ते वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पहिल्या संसारात काय होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही आणि तू विचारलं नाहीस. मार नव्हता, उपास नव्हता. फक्त मी काहीही म्हटलं की "तुला काय कळतंय" एवढं ठरलेलं होतं. भाजीत मीठ किती, आज वार कोणता, पोरीला ताप आहे की नाही, सगळ्यात मी चूक. काडीमोड घेतला त्या दिवशी ठरवलं, यापुढे आपण कुणाचं ऐकून घ्यायचं नाही. तेव्हापासून मी एकही वाद हरलेले नाही. सुट्ट्या पैशांवरून नाही, सामानाच्या तिकिटावरून नाही, साहेबांसमोर तर नाहीच. आणि तू आपल्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट माझ्यासाठी अशी सोडून दिलीस, बसमध्ये जागा दिल्यासारखी. मला ते बघवेना. कुणीतरी माझ्यापुढे "तुझंच खरं" म्हणून गप्प बसावं, हे मला नको होतं. ते गप्प बसणं कसं असतं, मला माहीत आहे. त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आलं, या माणसाचं बरोबर निघालं पाहिजे.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मी कुरुंद्याला गेले. दुसरीकडे कुठे जाणार? ज्या जागेवर बसून पाहिलं, तिथेच जाऊन आठवायचं. इस्माईल चाचा अजून मशीनवर बसतात, आता फक्त उसवलेलं शिवतात. चाँदबी चाचीने मला पोटाशी धरलं, वाळलीस म्हणाली, जे मला कुठल्याही आरशाने आजवर सांगितलेलं नाही. तिने चहा टाकला आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसले. तुम्ही पोरं बाहेर ओट्यावर असायचा ना, तेव्हा आम्ही पोरी चाचीजवळ आत. टीव्हीचं तोंड रस्त्याकडे, आमच्याकडे त्याची पाठ. मग आम्हाला कसा दिसायचा? दुकानाच्या दाराशी गिऱ्हाइकांसाठी उभा केलेला तो मोठा आरसा, त्यात टीव्हीचं तोंड दिसायचं. आम्ही आरशात बघायचो. आरसा अजून तिथेच आहे, कडेने डाग पडलेत.

मी बसले आणि समोर आरशात चाचा दिसले, शिवत असलेले. आरशातले चाचा डाव्या हाताने चाक फिरवत होते. मी मान वळवून खऱ्या चाचांकडे पाहिलं. चाक उजव्या हाताला. परत आरशात पाहिलं. डाव्या.

आणि मी हसायला लागले. कप खाली ठेवावा लागला. आरशात बघतोय हे आम्हाला माहीत होतं, आरसा उलटं दाखवतो हेही शाळेत शिकलो होतो, पण या दोन गोष्टींची गाठ इतक्या वर्षांत कधी पडलीच नाही. ते परदेशी अक्षर म्हणजे आपलं उलटं आर! चाची धावत आली. "काहून हसून राहिली गं? येडी झाली का?" तिला सगळं सांगितलं. तिने आरशात वाकून पाहिलं आणि म्हणाली, "म्हंजे आमी अख्खी मालिका उलटीच बघितली म्हन की." मग म्हणाली, "पर समजली तर बराबर." चाचांनी मशीन थांबवलं आणि एवढंच विचारलं की तो ओट्यावरचा प्रमोद अजून तसाच सरळ बघतो का. मी म्हटलं, हो चाचा, तसाच.

येताना बसमध्ये प्रवासी म्हणून खिडकीत बसले होते. वाद हरले होते आणि गाणं गुणगुणत होते. शेजारची बाई सरकून बसली.

तर घे, लिहून देते. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, स्टिअरिंग उजवीकडे, तू बरोबर, मी चूक. आणि हेही लिहून घे, पुढे कधी माझं चुकलं तर तोंडावर सांगायचं. "तू म्हणतीस तर" हे शब्द माझ्या घरात चालणार नाहीत. भांडायचं, माझ्याएवढंच जोरात भांडायचं. पुनमला मी कालच सांगितलं. ती म्हणाली, "आई, गाडी सापडली नसती तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, तरी हेच केलं असतं, फक्त उशिरा. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी हो म्हटलं की त्याला लगेच एक "पण" जोडला असता. माझी जीभ तशीच आहे, तुला ठाऊक आहे. कागदावर मात्र एक शब्द लिहून थांबता येतं. तेवढ्यासाठीच हे पत्र.

हो.

तुझीच, आणि हे लिहिताना हात जराही न अडखळलेली,
निता