समुद्र शांत राहील

२४ ऑक्टोबर १९८२, रविवार

आलो एकदाचे! टेम्पोतलं सामान हॉलभर पसरलंय, गॅस जोडायचा राहिलाय, तरी खिडकीशी खुर्ची ओढून मी लिहायला बसलेच. गिरगावच्या एका खोलीतून वाशीच्या या दोन खोल्यांत! तळमजला आहे, पण नळाला दिवसभर पाणी, घरात संडास, आणि स्वयंपाकघराला चक्क दार. वैशाली सकाळपासून ते दार उघडतेय आणि लावतेय. सात वर्षांची झाली, पण आपल्या घरात आतलं दार असू शकतं हे तिला आजच कळलं.

माझी बेलापूरच्या ऑफिसात बदली झाली म्हणून हे घर भाड्याने घेतलं. अरविंदला मात्र रोज फोर्ट गाठायचंय. तो कुरकुरला नाही, कारण भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही गोव्याला निघणार. त्याच्या कंपनीचं कळंगुटला हॉलिडे होम आहे, तिथे चार दिवस खोली मिळालीय. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली, बाळंतपण सोडलं तर मी सलग चार दिवस पाठ टेकलेली नाही. वाळूत आडवं पडायचं आणि कुणी हाक मारली तरी उठायचं नाही, एवढाच माझा बेत आहे.

आता फक्त हवा नीट राहू दे.

२९ ऑक्टोबर

घर लागलं. अंग मोडून आलंय. सकाळी डबे, मग बस, दिवसभर फायली, परत बस, परत पोळ्या. वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई फार भल्या. वैशाली शाळेतून आली की तिचं जेवणखाण त्या बघतात. भांड्यांना जवळच्या गावातली गोजरा येते. काम स्वच्छ करते, पण हॉलमध्ये केर काढताना खिडकीकडचा कोपरा सोडून देते. दोनदा सांगितलं, हसली नुसती.

रेडिओ त्याच कोपऱ्यात ठेवलाय, विजेचं बटण तिथेच आहे. संध्याकाळच्या बातम्या संपल्या की हवामानाचा अंदाज सांगतात. तांदूळ निवडता निवडता मी ऐकते. ऑफिसात कुणीतरी म्हणालं की दिवाळीच्या सुमाराला अरबी समुद्र खवळतो आणि बोट रद्द होते. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. आभाळात बोटभर ढग दिसला तरी मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

खिडकीतल्या खुर्चीची गादी ओलसर लागते. मालतीबाई म्हणाल्या, ही सगळी वसाहत खाडीत भराव टाकून बांधलीय, ओल यायचीच. गादी उन्हात टाकली.

३ नोव्हेंबर

आज सांगितलं, लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. जेवताना मी तेच धरून बसले. अरविंद म्हणाला, हवामान खात्याने छत्री घ्या म्हटलं की तो ती मुद्दाम घरी ठेवतो. वैशाली भात कालवत म्हणाली, "बाई म्हणाल्या, बोट जाणार."

कुठल्या बाई, शाळेतल्या का, असं मी विचारलं. ती म्हणाली, छे, खिडकीतल्या. दुपारी रेडिओपाशी बसतात त्या.

मालतीबाई खाली येऊन बसत असतील. बरंच आहे, पोरीला सोबत होते.

गादी परत ओली. आज हात लावून वास घेतला. खाऱ्या पाण्याचा वास आहे.

७ नोव्हेंबर, रविवार

वैशालीच्या अंथरुणात वाळू सापडली. आधी वाटलं, कुठे बांधकामाच्या ढिगावर खेळली असेल. पण ही वाळू पांढरट, बारीक, शिंपल्याचे तुकडे असलेली. इथल्या खाडीला वाळू नाही, नुसता काळा चिखल आणि तिवरं.

तिला जवळ घेऊन विचारलं. म्हणाली, बाईंनी समुद्र दाखवला. कुठे नेलं होतं? "कुठे नाही गं. इथेच, हॉलमध्ये."

मी वर गेले. मालतीबाईंना म्हटलं, तुम्ही खाली येता त्याबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. म्हणाल्या, गुडघ्यांमुळे त्या गणपतीपासून जिना उतरलेल्या नाहीत. वैशालीच वर येते, जेवते, आणि कुणी हाक मारल्यासारखी धावत खाली जाते.

अरविंदला सांगितलं. तो म्हणाला, मी दमलेय. दमलेय हे खरंच आहे.

१० नोव्हेंबर

आज रजा घेतली आणि गोजराला समोर बसवून विचारलं. आधी ती ऐकेचना. मग पदराने तोंड पुसत बोलली.

"मना नका इचारू, ताई. तुमच्या आधीची मीनाबाय. तीपन इथंच बसाची, रेडू आयकत. नवरा दर वर्साला बोलाचा, दर्यावर जाऊ. मंग बोलाचा, हवा खराब हाय, पुरच्या वर्साला."

गेल्या दिवाळीत बॅगा भरून तयार होत्या आणि ऐन वेळी बेत मोडला. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर मीनाबाईने ठेवणीतली साडी नेसली, लहान मुलाचा हात धरला आणि बांधावरून सरळ खाडीत चालत गेली. गोजराच्या घरच्यांनी लांबून पाहिलं. हाका मारल्या, तिने वळून पाहिलं नाही.

"बाय गावली दुसऱ्या रोजी. पोर नाय गावला. हातातनं सुटला तिच्या. आता तिला हात रिकामा नाय चालत, ताई."

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगून कोण ऐकतं? तुम्ही रोज त्याच रेडिओपाशी, त्याच गोष्टीची काळजी करत बसता. मीनाबाईला वाटलं असेल, कुणीतरी आपल्यासारखंच आलं.

उद्यापासून ती येणार नाही. भांडी घासून, पालथी घालून गेली.

१३ नोव्हेंबर

खात्री झाली. सगळं लिहून ठेवते.

आज घरात अंदाज ऐकला. अरविंदही होता. आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत राहील. अरविंदने टाळी वाजवली. वैशाली नाचली. अंदाज अजून चालूच होता, मी साखर मागायला म्हणून वर गेले तर मालतीबाईंच्या रेडिओवर त्याच बातम्या चालू होत्या, वाचणारीचा आवाजही तोच. ती सांगत होती, वादळ किनाऱ्याकडे सरकतंय, बंदरांवर धोक्याचे बावटे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

मी जिन्यात मधोमध उभी राहिले. वरून वादळ ऐकू येत होतं, खालून शांत समुद्र.

अरविंदला ओढून वर नेलं, तोवर गाणी लागली होती. तो म्हणाला, मालतीबाईंचा सेट जुना आहे, काहीतरी भलतंच ऐकलं असशील. मी म्हटलं, भलतं आपल्या घरात आहे. मग तो भडकला. आधी वादळ येईल म्हणून रडायचं, आता हवा छान म्हणतात म्हणून रडायचं. त्याचं तरी काय चुकलं? त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

वैशालीला घेऊन माहेरी जाईन म्हटलं. म्हणाला, भाऊबीजेपर्यंत थांब.

१५ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पूजा उरकली. दारातली रांगोळी भरून पाच मिनिटं झाली नाहीत तोवर ओली होऊन वाहून गेली. आतून बाहेर वाहिली.

मी हॉलमध्ये उभी राहून मोठ्याने बोलले. आम्ही जाणार नाही. बोट नाही, गोवा नाही, कुणी कुठेही जाणार नाही.

खुर्ची करकरली. कुणीतरी ओल्या अंगाने उठावं तशी. लाद्यांवर पाणी टपटपलं, आणि ते थेंब वैशालीपाशी जाऊन थांबले.

असं बोलायला नको होतं. मीनाबाईने हे वाक्य फार वेळा ऐकलंय.

१६ नोव्हेंबर

रेडिओची वायर उपटली. बोलतोच आहे. समुद्र शांत राहील. समुद्र शांत राहील.

अरविंदला ऐकू येतं, पण त्याला वाटतं वायर लावलेली आहे. दाखवली तरी —

वैशालीचा उजवा हात गार. बोटं सुरकुतलीत, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी. दुखतं का विचारलं. म्हणाली, नाही, बाई घट्ट धरतात, पण दुखवत नाहीत.

झोप नाही. उभ्याने डोळे मिटतात.

१७ नोव्हेंबर, सकाळ

अरविंद बहिणीकडे डोंबिवलीला गेला. ओवाळून घेऊन लगेच येतो म्हणाला. मी म्हटलं, आज नको जाऊस. म्हणाला, बहीण वाट बघते.

तो गेल्यावर तासाभरात बाहेर वादळी वारा. आभाळ काळं. बस बंद, रस्त्यावर माणूस नाही. वैशालीला घेऊन जाणार कुठे?

हॉलमध्ये मात्र ऊन. खिडकीतून नाही. लादीवर नुसतंच पडलेलं, पिवळं, मे महिन्यासारखं.

दुपार

वैशालीने नवा फ्रॉक घातला. कुणी घालून दिला, ठाऊक नाही, पाठीची बटणं नीट लावलेली. दाराशी उभी. एक हात वर धरलेला, मोठ्या माणसाच्या हातात असतो तसा.

"आई, चल ना. बाई म्हणतात, छान ऊन पडलंय."

उचलली आणि वर धावले. मालतीबाईंनी दार लावलं, कडी घातली. थोडा वेळ काही नाही. मग दाराखालून पाणी. वैशाली हसली, हात पुढे केला.

कुठेही गेलो तरी बाई येणार. तिला पोरगीच हवी आहे असं नाही. हात हवा आहे.

मालतीबाईंना सांगितलं, हिला पोटाशी धरा, दोन्ही हात तुमच्या हातात ठेवा, अरविंद येईपर्यंत सोडू नका. त्या रडत होत्या, पण धरलं घट्ट. वैशाली "आई, आई" करत होती. मी बाहेर आले. दार ओढून घेतलं. पाणी माझ्या मागे जिना उतरलं.

—

खाली बसून लिहितेय. हॉलमध्ये. लाद्या दिसत नाहीत, वाळू आहे.

ती खुर्चीत. साडी मोरपिशी, काठ फाटलेला. वय माझ्याएवढंच. तोंड बघवत नाही, आणि तरी — इतकी दमलेली बाई मी कधी पाहिली नाही.

मी म्हटलं, पोरगी राहू दे. मी येते. मला कुणी पुढच्या वर्षी म्हणणार नाही.

तिने हात पुढे केलाय.

अरविंद, वैशालीला या घरात आणू नकोस. सामान न्यायलासुद्धा येऊ नकोस. तिला खोकल्याचं औषध रात्री द्यायचं, आणि केस धुतलेस की लगेच पूस, तिला सर्दी — तुझ्यावर राग नाही. तू ऐकलंस ते मीही ऐकलं होतं —

हात गार आहे. वाटला होता तितका नाही. डावा दिलाय तिला, उजव्याने लिहिते. ती थांबलीय माझ्यासाठी. लाटांचा आवाज —

वरून वैशाली हाक मारतेय. ओ देऊ का? ओ दिली तर ती खाली धावत —

नाही देत. अरविंद, तिला सांग, आईने ऐकलं होतं, आईला सगळं ऐकू येत होतं, पण आईने मुद्दाम