निवडुंगाच्या मुळाला सोडावॉटर

खोपोली,
फाल्गुन शुद्ध दशमी

तीर्थरूप धाकलूदादांना धाकट्या इंदूचा वाकून नमस्कार, आणि भागूवहिनींनाही. महडच्या गणपतीच्या दयेने इथे आम्ही तिघेही हिंडतेफिरते आहोत. आपल्या गुडघ्याला तेल लावणे चालू असेलच. (शाळेत पत्रलेखनाच्या तासाला वडीलधाऱ्यांना ‘आपण’ लिहायला शिकवलं होतं, म्हणून एवढं लिहिलं. आता तू म्हणते, नाहीतर माझा हात पुढे सरकायचा नाही.) फोन केला असता, पण फोनवर तू “बरं, बरं” म्हणतोस आणि मधेच म्हशीला हाक मारतोस. मग मी बोलले ते तुझ्याकडे पोचलं की म्हशीकडे, हे मला कळत नाही. म्हणून हे पत्र गजा टेंपोवाल्याच्या हाती देते आहे.

गजाच परवा सांगत होता, की होळी झाली की तुमचा विकास जेसीबी बोलावणार आणि परसामागचं आयचं निवडुंगाचं कुंपण उपटून तिथे पक्की भिंत घालणार, शेजारच्या फार्महाऊसवाल्यासारखी. छान आहे. जमीन तुमची, पोरगा तुमचा, भिंत तुमची. लग्न होऊन गेलेल्या बाईने माहेरच्या कुंपणात बोलू नये, आणि मी बोलतही नाही. मी लिहिते आहे ते आमच्या नम्रताच्या निवडुंगाबद्दल.

तुला आठवत असेल, मागच्या पावसाळ्यानंतर नम्रता येऊन त्याच कुंपणातली दोन रोपं घेऊन गेली होती. तू विचारलं होतंस, “काय गं पोरी, ह्याची काय भाजी करतं का कोन?” तर ती एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी होती. निवडुंगाची मुळं मातीतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण नाकाने सोडतो ती हवा, आत घेतात का, आणि घेऊन तिचं पुढे काय करतात, हे तिला शोधायचं आहे. तिने मला सगळं समजावून सांगितलं आणि मला ते माझ्या पद्धतीने पटलं. बाकीची झाडं दिवसा दारं उघडी टाकून बसतात, त्यात त्यांचं पाणी उडून जातं. निवडुंग तसा उधळ्या नाही. तो दिवसा दारं लावून घेतो. रात्री गारव्याला उघडतो, हवा आत घेतो, तिचं आंबट करून साठवतो, आणि दुसऱ्या दिवशी दार लावून त्याच साठ्यातून उन्हावर साखर करतो. रात्री जमा, दिवसा खर्च, आणि शिल्लक नेहमी घरात. मी म्हटलं, हे झाड आपल्या आयच्या हाताखाली शिकलेलं दिसतंय. मुळांचं जरा वेगळं आहे. ती स्वतःही तीच हवा बाहेर सोडतात, पण मातीच्या ओलीत विरघळलेली थोडी परत धरतात आणि तिचंही आंबट करतात. सांडलेलं पीठ भरून घ्यावं तसं. किती धरतात आणि ते वर फडापर्यंत, म्हणजे त्या जाड हिरव्या पानापर्यंत, पोचतं का, एवढाच तिचा प्रश्न आहे. एवढ्याशा प्रश्नाला दोन वर्षं का लागतात हे यांनी एकदा विचारलं, तर तिने बापाकडे असं बघितलं की हे तडक अंगणात गेले.

तर गच्चीवर दोन कुंड्या. दोन्ही बुंध्याशी मेणाने बंद केलेल्या. एका कुंडीच्या मातीत नळी, आणि नळीच्या टोकाला बाटली, तिच्यात खायचा सोडा आणि व्हिनेगर, म्हणजे तीच हवा बुडबुडून मुळांशी जाते. (संक्रांतीपासून माझ्या घरात ढोकळा झालेला नाही, तो याच्यामुळे.) दुसऱ्या कुंडीलाही नळी, पण बाटली रिकामी. नम्रता सकाळ-संध्याकाळ दोघांच्या फडाचा तुकडा काढायची, वाटायची आणि थेंब थेंब औषध टाकून त्याचा आंबटपणा मोजायची. मग तिला पुण्याला शिबिराला जावं लागलं. जाताना म्हणाली, “आई, बाटली तेवढी भरत जा. दुसऱ्याला काही करू नकोस. पाणीसुद्धा नको.”

दादा, तू मला ओळखतोस. आपल्या घरात पंगतीला परका माणूस आला तरी आयने कधी एकाच्या पानात तूप आणि दुसऱ्याचं पान कोरडं असं वाढलं नाही. पंक्तिप्रपंच केला तर अन्नपूर्णा उठून जाते असं ती म्हणायची. आणि इथे रोज तुळशीपाशी दिवा लावून मी गच्चीवर जायची, एकाच्या मुळाशी बुडबुडे सोडायची आणि दुसरा शेजारी उपाशी उभा. त्यात तोच जरा किरकोळ होता. पहिले काही दिवस मी त्याच्याकडे पाठ करून वाढलं. मग मला जेवण जाईना. व्हिनेगर तर मोजकंच होतं. पण यांच्या पोटासाठी आणलेल्या सोडावॉटरच्या बाटल्या होत्या, आणि हे अर्धी पिऊन अर्धी ठेवतात. त्यातही तेच बुडबुडे असतात. मी नळीतून रोज संध्याकाळी त्याला अर्धी बाटली पाजली. वाया गेलं नाही आणि पापही लागलं नाही, अशा समाधानात मी होते.

नम्रता आली, कुंडीपाशी बसली आणि बुंधा बोटाने दाबला, तर तो पिकल्या केळ्यासारखा आत गेला. मुळं कुजली होती. ती हवा जास्त झाली की मुळं गुदमरतात आणि पाणी जास्त झालं की सडतात, मी दोन्ही दिलं होतं. ती रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, “अगं आई, तो उपाशीच ठेवायचा होता. त्याच्याशी ताडून बघायचं होतं.”

“मग उपास आहे म्हणून सांगायचंस,” मी म्हटलं. “उपासाच्या माणसाला मी आग्रह करते का कधी?”

यावर ती इतकं हसली की तिला रडू आलं. आता तिला सगळं पुन्हा करायचं आहे, आणि दुसरं रोप त्याच बेटातलं पाहिजे. वेगळ्या निवडुंगाशी ताडून चालत नाही म्हणे, सख्खं भावंडच लागतं.

हे ऐकताना मला सारखं परसामागचं दिसत होतं. आपण निवडुंगाची लाल बोंडं काढायचो, दगडावर घासून त्यांची कुसं काढायचो, तरी ओठात शिरायचीच. आय मला मांडीवर आडवी टाकून चिमट्याने काढायची आणि तू बाजूला उभा, जीभ लालभडक, आणि म्हणायचास, “मी नाय खाल्ली.” आणि तू पैज लावून फड चाटायला लावायचास ते? सकाळी चाटला तर चिंचेसारखा आंबट, आणि तोच संध्याकाळी नुसता बुळबुळीत. तू सांगायचास, “इंदे, रातचं भूत येतं गं, लिंबू पिळून जातं.” मी कित्येक वर्षं तिन्हीसांजेनंतर तिकडे फिरकले नाही. हे नम्रताला सांगितलं तर तिने लिहून घेतलं, आणि म्हणाली, मामाचं सगळं बरोबर आहे, फक्त भूत नाही.

भाजीत पडवळ चांगलं आलं असेल तर गजाबरोबर पाठव. वहिनींना मी कुरडया ठेवल्या आहेत.

तुझी,
इंदू

ता. क. : तर जेसीबीच्या आधी एक रोप मुळासकट काढून ठेव. पहारेने लांबून खण, मुळं तोडू नकोस, पाणी घालू नकोस. आणि तूच घेऊन ये. गजाच्या टेंपोत जागा नाही, असं मी गजाला सांगून ठेवलं आहे.

आणखी एक ता. क. : नम्रताने पत्र वाचलं. म्हणते, “मुळं कशाला? एक फड पुरे, मातीवर टेकवला की आपोआप मुळं धरतो.” मला हे माहीत नाही का? आयने अख्खं कुंपण असंच लावलं, बकऱ्यांनी वाल खाल्ले त्या वर्षी, एकेक फड टेकवत, आणि तिच्यामागे फड घेऊन मी चालत होते. पण हे विकासला सांगू नकोस. त्याला सांग, आत्याच्या पोरीचा प्रयोग आहे, त्याला कुंपण जागच्या जागी, मुळांसकट लागतं, आणि परीक्षा होईपर्यंत जेसीबी आणायचा नाही. या खोट्याचं मी महडला जाऊन बघून घेईन. परीक्षा कधी आहे असं त्याने विचारलं, तर म्हणावं, आत्या कळवेल.