असानकुलच्या रक्तामुळे अडलेलं लग्न

आदरणीय थोरले दादा मेदेरबेक बाइके यांना,

धाकट्या शारशेनचा छातीवर हात ठेवून आणि डॉक्टरांनी परवानगी दिली आहे तेवढंच वाकून सलाम. गुरंढोरं खुशाल? माणसं खुशाल? (आपल्याकडे गुरांची चौकशी आधी करतात ते योग्यच आहे. तब्येत विचारली की माणसं खोटं बोलतात, मेंढ्या बोलत नाहीत.) ओश शहराच्या कोरड्या हवेनं तुमचा दमा आटोक्यात आहे असं ऐकून बरं वाटलं. वहिनींनी पाठवलेले जर्दाळू पोचले. बुरुलकाननं ते कपाटात घालून कुलूप लावलं आहे, कारण माझ्या बायकोचा आता माझ्या पोटावर विश्वास राहिलेला नाही.

तुमच्या कानावर दोन बातम्या गेल्या असतील. त्यांपैकी मी मेलो ही खोटी आणि जिपारचं लग्न अडलं ही खरी. माझी एकुलती एक जिपार आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या असानकुलचा एरमेक यांचं लग्न कळप कुरणावरून खाली उतरले की करायचं ठरलं होतं. आता आपल्या कुळातले पांढऱ्या दाढीचे लोक म्हणतात की ती दोघं भाऊबहीण झाली. कुळाचे प्रमुख तुम्ही. पोरीचं सुख तुमच्या एका शब्दावर टांगलं आहे, तेव्हा हे पत्र शेवटपर्यंत वाचा. (दम लागला तर मध्ये चहा घ्या, पण वाचा.)

असानकुलला तुम्ही ओळखताच. वरच्या कुरणाच्या हद्दीवरून आम्ही दोघं इतकी वर्षं भांडतो आहोत की मूळ हद्द कुठे होती ते दोघांनाही आठवत नाही. लग्न ठरलं ते आमच्या प्रेमापोटी नव्हे. पोरांनी ठरवलं आणि आम्ही एकमेकांकडे न बघता माना डोलावल्या. व्याही व्हायचं ठरलं म्हणून हद्दीचा प्रश्न काही मिटत नाही. त्यामुळे वसंतातल्या सभेला मी नेहमीप्रमाणे बोलायला उभा राहिलो. विषय पेटला होता, मीही पेटलो होतो. (गुडघ्यासाठी मी महिनोन्महिने मूठ-मूठ गोळ्या खात होतो आणि त्यांनी पोटात भोक पाडत आणलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बुरुलकानला ठाऊक होतं, पण तिला सभेत बोलायला कोण देतो?) रक्ताचा शेवटचा थेंब देऊ पण कुरणाची वीतभर जमीन देणार नाही, असं मी गरजलो आणि बाइके, त्याच क्षणी तोंडातून रक्ताची गुळणी टेबलावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतकं मनापासून बोलणारा वक्ता त्यांनी पाहिला नव्हता. टाळ्या थांबल्या त्या मी खाली कोसळल्यावर. सगळ्यांत आधी धावला तो असानकुल. त्यानंच मला आपल्या गाडीत घातलं आणि आपल्या तालुक्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत तो मला शिव्या देत होता. अर्धवट भाषण टाकून मरशील तर उत्तर कुणाला देऊ, असं त्याचं म्हणणं.

तिथे सैराकुल होती. माझीच विद्यार्थिनी, आता अतिदक्षता विभागाची प्रमुख डॉक्टर. शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेत ती शेवटची यायची, कारण चार वाक्यांत विषय संपवून खाली बसायची. नेतृत्वावर मी जन्मभर बोललो, जगभरच्या सेनापतींची चरित्रं वाचली, पण नेतृत्व डोळ्यांनी पाहिलं ते त्या खाटेवर आडवं पडून. तिचा आवाज चढला नाही. ती एकेकाला नावानं काम सांगायची आणि ज्याला सांगितलं त्यानं ते मोठ्यानं परत म्हणायचं, मगच हलायचं. (आपल्या सभांना हा नियम लावला तर सभाच उरणार नाहीत.) दोन्ही हातांत जाड सुया गेल्या. तपासणीसाठी रक्त काढून झालं. माझा गट कळेपर्यंत कुणालाही चालणाऱ्या रक्ताची पिशवी लागलीसुद्धा. आपल्या पुतण्यानं धीर करून विचारलं की नुसतं सलाईन भराभर का सोडत नाही. ती म्हणाली की रस्सा कमी पडला म्हणून पाणी ओतलं तर वाट्या भरतील, पण पोट कुणाचं भरणार? वाहणारं रक्त गोठायला हवं, म्हणून लाल पिशवीबरोबर रक्ताचा पिवळा भागही द्यायचा, आणि वरून कॅल्शियम, कारण पिशवीतलं रक्त पातळ ठेवणारं औषध अंगातलं कॅल्शियम खाऊन टाकतं. गार पडलेल्या माणसाचं रक्त गोठत नाही, म्हणून पिशव्याही कोमट केल्या आणि मलाही. कुणाच्या तरी घरून लोकरीच्या नमद्याचा गालिचा आणून माझ्यावर टाकला. आणि माझा रक्तदाब तिनं मुद्दामच फार चढू दिला नाही. पाट फुटला असेल तर आधी भगदाड बुजवतात, वरून पाणी जोरात सोडत नाहीत. हे आपल्या पाणीवाटप समितीला मी आयुष्यभर सांगत आलो. तिला कुणी सांगावं लागलं नाही. या सगळ्यात मी तिचे आभार मानायचा प्रयत्न करत होतो. तेव्हा ती वाकून म्हणाली, "मास्तर, तोंड मिटा. तुमचं एकेक वाक्य मला एकेका पिशवीला पडतंय."

पुढे पिशव्या संपत आल्या. नारिन शहरातून निघालेली रक्ताची गाडी दरड कोसळल्यामुळे खिंडीत अडकली होती. तोवर आपलं अख्खं कुळ इस्पितळाच्या अंगणात जमलं होतं, कुणी घोडीच्या दुधाचे बुधले घेऊन, कुणी चरबीचा रस्सा घेऊन. (भोक पडलेल्या पोटात चरबीचा रस्सा! प्रेमानं जेवढी माणसं मेली तेवढी वैरानं मेली नसतील.) अंगणातच रक्त घ्यायचं ठरलं आणि आपले ओमुरझाक आजोबा कामाला लागले. त्यांनी काठी आपटून सगळ्यांना आपापले सात बाप, म्हणजे सात पिढ्यांची नावं, म्हणायला लावली आणि नात्यानुसार रांग लावली. सर्वांत पुढे माझा सख्खा भाऊ, मागे पुतणे, मग चुलत, मग चुलतचुलत, आणि सातव्या बापाला मिळणारे अगदी कुंपणापाशी. फाटकाबाहेर असानकुल एकटा उभा होता. सैराकुल बाहेर आली, तिनं रांग पाहिली आणि म्हणाली, "आजोबा, रांग छान लागली आहे. आता ती उलटी करा."

सख्खा भाऊ जागचा हलायला तयार होईना. तिनं समजावलं ते असं. परक्याचं रक्त आलं की शरीर ओळखतं, पाहुणा आहे म्हणतं आणि त्याला हद्दीत ठेवतं. जवळच्याचं आलं तर कधी कधी शरीराला ते आपलंच वाटतं, दार सताड उघडं राहतं, आणि आत आलेला पुतण्या घर बळकावून घरमालकालाच बाहेर काढतो. (पुतणे खाली बघू लागले.) क्वचितच होतं, पण झालं तर उपाय नाही, म्हणून दुसरं कुणी मिळत असताना सख्ख्याचं घ्यायचं नाही. ओमुरझाक आजोबांनी विचारलं, मग सात बाप मोजायचेच कशाला? ती म्हणाली, "लग्न लांबच्याशी करा असं तुमच्या पूर्वजांनी सांगितलं. मीही तेच सांगतेय. ते माझ्याच बाजूचे आहेत." फाटकाबाहेरच्या असानकुलला आत बोलावलं, तपासलं, त्याचा गट माझाच निघाला. मग कुंपणाकडून रांग सुरू झाली. त्या रक्तानं मी तगलो. आतल्या खोलीत डॉक्टरांनी नळी घालून भोक बुजवलं आणि तिनं पहिल्यांदा खुर्चीवर बूड टेकलं.

आता तंटा कशाचा ते सांगतो. घरी सोडलं त्या दिवशी दोन्ही खोऱ्यांचे लोक व्हरांड्यात जमले होते. इतके लोक समोर असताना गप्प बसणारा माणूस मी नव्हे. असानकुलचा हात धरून मी म्हणालो, "आजपासून याचं रक्त माझ्या नसांत आहे. हा माझा सख्खा भाऊ. याचे सात बाप ते माझे सात बाप." लोक रडले. असानकुल रडला, त्यानं तिथेच घोडा कापायचं जाहीर केलं. जिपार तेवढी पांढरीफटक पडली आणि बुरुलकाननं मला असा चिमटा काढला की जिवंत असल्याची खात्री पटली. ओमुरझाक आजोबांना एरवी कानाशी शिंग फुंकलं तरी ऐकू येत नाही, पण हे आलं. सख्ख्या भावाचा मुलगा म्हणजे जिपारचा भाऊ, सात बापांच्या आत सोयरीक नाही, लग्न रद्द. मेदेरबेक हो म्हणाला तरच हो, एवढीच फट त्यांनी ठेवली आहे. शब्द मी मागे घ्यावा तर ज्यानं रक्त दिलं त्याचा अपमान. असानकुलनं घ्यावा तर त्याचा घोडा फुकट गेला.

बाइके, मी तुम्हाला विचारतो. रक्तानं नातं लागत असेल तर माझी पहिली पिशवी कुणाची होती? नाव नसलेल्या माणसाची. दुसरी? कदाचित एखाद्या शिपायाची, एखाद्या रशियन आजीची. मग सारा देश माझा भाऊ झाला आणि या देशात कुणीच कुणाशी लग्न करायचं नाही! वंश जन्मानं मिळतो, त्यात आपलं कर्तृत्व काय? रक्त मात्र बाही वर करून द्यावं लागतं. ज्या दिवशी आपण वारशानं आलेल्या रक्ताचा अभिमान सोडून दिलेल्या रक्ताचा अभिमान धरू, त्या दिवशी या डोंगरांत माणसं राहतात असं मी म्हणेन. तुम्ही एका ओळीत हो लिहा. पोरगी रडत नाही, हीच मला धास्ती आहे.

आपला आज्ञाधारक,
शारशेन

ता. क. सैराकुलला विचारलं. ती म्हणाली, दुसऱ्याच्या लाल पेशी फार तर चारेक महिने टिकतात. म्हणजे पानगळ होईपर्यंत असानकुल माझ्या अंगातून निघून जाईल. हा मुद्दा ओमुरझाक आजोबांना नक्की पटेल. (त्याला मात्र सांगू नका. मलाही ऐकून जरा चुकल्यासारखं झालं.)

दुसरा ता. क. वरचं सगळं जिपारनं वाचलं. म्हणाली, "बाबा, पत्र सुंदर आहे, पोस्टात टाका हवं तर. पण आम्ही सोमवारी कचेरीत जाऊन सह्या करून आलो. साक्षीदार सैराकुलताई." म्हणजे तुमच्या परवानगीची आता गरज उरलेली नाही. तरी द्या, आजोबांना बरं वाटेल.

तिसरा ता. क. आता खरं काम. लग्नाची मेजवानी ठरल्या वेळीच आहे, आणि असानकुलच्या सूनबाईनं (म्हणजे आपल्या जिपारनं) अट घातली आहे की माझ्यासाठी सैराकुलचं रक्ताचं कपाट रिकामं झालं, ते आधी भरायचं. दारात टेबल मांडून सैराकुल बसणार. रक्त दिल्याशिवाय आपल्या कुळातल्या धडधाकट माणसाला ताटावर बसता येणार नाही. दम्यामुळे तुम्हाला सूट आहे, तुमच्या तिन्ही मुलांना नाही. त्यांची नावं मी देऊन टाकली आहेत. मला भाषणबंदी आहे, म्हणून सुरुवातीला चार शब्द तुम्ही बोलायचे. पोरांना रिकाम्या पोटी आणू नका. आणि चार म्हणजे चारच बोला, मागे रांग उभी असेल.