कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरमध्ये ढवळाढवळ केली आहे

प्रिय ताई,

हे पत्र हातानं लिहितोय याचं तुला नवल वाटेल. फोन करता आला असता, पण फोनवर तू विषय बदलतेस. कॉम्प्युटरवर लिहायचं, तर त्याच्यावर सध्या माझा भरवसा उरलेला नाही. कुणीतरी माझ्या नकळत त्याच्यात ढवळाढवळ केली आहे. हसू नकोस. तू म्हणशील, याला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीत काळंबेरं दिसतं. दिसतंच. पण या खेपेला पुरावा आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

गेल्या वर्षापासून माझं काम रेंगाळायला लागलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं जुळवून लावण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, असं आमचा प्रकाशक चारचौघांत म्हणायचा. तोच हल्ली फोन करून गोड आवाजात विचारतो, की तब्येत बरी आहे ना. हा माणूस जन्मात कधी गोड बोललेला नाही. मी मनाशी म्हटलं, याचा काम दुसरीकडे द्यायचा बेत शिजतोय. तसं झालं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? मला एवढंच येतं आणि एवढंच आवडतं. दोष कॉम्प्युटरचा आहे हे मला स्वच्छ दिसत होतं. बिचारा म्हातारा झालाय. तेव्हा ठरवलं, अख्खा नवा घ्यायचा नाही, जे भाग बदलून खरोखर फरक पडेल तेवढेच बदलायचे.

कॉम्प्युटरचा डबा उचलून चौकातल्या दुकानात गेलो. दुकानदार भलताच सरळ निघाला आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. ग्राफिक्स कार्ड घेऊ नका म्हणाला, ते खेळ खेळणाऱ्यांना आणि व्हिडिओवाल्यांना लागतं, पानं लावायला आत आहे तेवढं पुरे. प्रोसेसरही राहू द्या म्हणाला, कारण तो बदलायचा तर मदरबोर्ड बदलावा लागेल आणि मग मेमरीही नवी. म्हणजे बटण सापडलं म्हणून कोट शिवायचा प्रकार. त्याच्या मते जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकायची आणि मेमरी वाढवायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. आता मला सांग, माल विकायला बसलेला माणूस कधी 'घेऊ नका' म्हणतो का? मी स्टूल ओढून त्याच्या समोरच बसलो आणि डबा उघडल्यापासून झाकण लागेपर्यंत नजर हटवली नाही. तो एकदा म्हणालाही, की काका, तुम्ही घरी जा, मी पाठवून देतो. मी कशाला जातोय! जुनी डिस्क मागून घेतली आणि घरी येऊन कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिली. लोकांची न छापलेली पुस्तकं आहेत त्यात.

दुसरी पाल घरातच चुकचुकली. तुझी भावजय साधी चहाची गाळणी घ्यायची तरी चार दुकानं पालथी घालते. तिनं एसएसडी म्हणजे काय हे न विचारता घ्या म्हणून सांगितलं. पुढे मी मोठ्या मॉनिटरचा विषय काढला, तर त्यालाही घ्या. मी मुद्दामच म्हणून बघितलं, की खुर्चीही बदलावी म्हणतो. तर म्हणे चांगलीच घ्या, हात टेकायला जागा असलेली. इतक्या वर्षांच्या संसारात माझं एवढं कधी ऐकलं गेलं नव्हतं. मी खुश व्हायच्या ऐवजी सावध झालो.

एसएसडीनं कमाल केली, हे मान्य करायला पाहिजे. पूर्वी बटण दाबून मी दाढी करून यायचो, आता बसेपर्यंत यंत्र तयार असतं. जाडजूड कोशसुद्धा झटकन उघडतो. थोडे दिवस हवेत होतो. मग लक्षात आलं, की यंत्र पळतंय आणि काम तिथंच आहे. एकदा दाबलेलं अक्षर तीन-तीनदा उमटायचं. प्रुफं वाचणाऱ्या बाईंनी लाल शाईनं पानंच्या पानं भरून परत पाठवली. फोल्डरवर दोनदा क्लिक केलं, की ते उघडायच्या ऐवजी नाव बदलायला तयार व्हायचं. मग कीबोर्ड नवा आणला. माउस नवा आणला. तू जाणतेसच, दुरुस्तीवाल्यांची एक साधी रीत असते. संशय असलेला भाग काढायचा, त्या जागी खात्रीचा लावायचा. दोष गेला तर जुना भाग गुन्हेगार, राहिला तर तो निर्दोष. मी एकेकाला असं चौकशीला उभं केलं. सगळे निर्दोष सुटले.

याच सुमाराला तू आठवडाभर राहून गेलीस. तू गेल्यावर काय झालं माहीत आहे? दोष गेला. अक्षरं एकेकदा उमटायला लागली, फोल्डर मुकाट उघडायला लागलं. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. माझी मात्र झोप उडाली. बिघाड आपोआप होतो ताई, दुरुस्ती आपोआप होत नाही. प्रकाशकाचा माणूस फायली न्यायला आला होता, मी चहा आणायला आत गेलो होतो, तेवढ्यात त्यानं काही केलं असेल? पासवर्ड बदलला. ही रोज टेबल पुसते, म्हणून तिच्यावरही डोळा ठेवला. ते तिच्या लक्षात आलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

उलगडा केला तो आमच्या लेकीनं, आणि तोही तिच्या नकळत. सुट्टीला आली होती, नोकरीचा अर्ज लिहायला माझ्या जागी बसली आणि लगेच कुरकुरायला लागली. बाबा, तुमचा कीबोर्ड अक्षरं खातो, एकच अक्षर लागोपाठ दोनदा मारलं की एकदाच येतं. नवाकोरा कीबोर्ड! मी तिला उठवलं, बसलो, तर माझ्या हाताला सगळं ठीक. ती बसली की बिघडतं. मग सेटिंग्ज उघडून एकेक पान तपासलं. माउसच्या क्लिकचा वेग कुणीतरी अगदी हळूवर नेऊन ठेवला होता. कीबोर्डला सांगून ठेवलं होतं, की चुकून पुन्हा दाबलेलं अक्षर मोजू नकोस. अंगावर माप घेऊन सदरा बेतावा, तसं ते यंत्र कुणीतरी माझ्या बोटांच्या मापानं बेतलं होतं.

तू आयुष्यभर टायपिंगच्या क्लासात उभी राहिलीस. पोरांच्या पाठीमागून जाता जाता नुसत्या आवाजावरून सांगायचीस, कुणाचं कुठलं बोट अडतंय ते. त्या आठवड्यात तू चहाचा कप घेऊन माझ्यामागे बसायचीस, नवा मॉनिटर किती छान म्हणायचीस. मी पान लावत होतो आणि तू मॉनिटरकडे बघतच नव्हतीस. कॉम्प्युटरवरचे जुने फोटो बघते म्हणून निघायच्या आदल्या दुपारी मला फिरायला पाठवलंस, तेवढा वेळ तुला पुरला.

हे कळल्यावर मला तुझा राग आला. मग आपले बाबा आठवले आणि राग कुठल्या कुठे गेला. बाबा पाट्या रंगवायचे तेव्हा शेवटी शेवटी त्यांची सगळी तक्रार ब्रशवर असायची. केस गळतात, रंग घट्ट आहे, पत्रा गुळगुळीत नाही. ब्रशमागून ब्रश आणले त्यांनी. ते जेवायला उठले, की अक्षरांच्या कडेच्या बारीक रेषा तू ओढायचीस. मला वाटायचं तू शिकते आहेस. त्यांच्या हातातल्या बशीत कप वाजायला लागला ते आम्हा सगळ्यांना दिसलं, पण ते फार पुढे. तुला आधीपासून ठाऊक होतं. तू कुणाला बोलली नाहीस, रेषा ओढत राहिलीस.

काल मी तुझी सगळी सेटिंग्ज काढून टाकली आणि पूर्वीसारखं करून कामाला बसलो. जेवायची वेळ झाली तरी एक पान धड लागलं नव्हतं. उजवा हात टेबलावर पडला होता आणि मी काही करत नसताना अंगठा आपला आपणच हलत होता. मी तो डाव्या हातानं दाबून धरला. मग तुझी सेटिंग्ज पुन्हा लावली. हे पत्र लिहितानाही अक्षर बारीक बारीक होत चाललंय, ते तुझ्या नजरेतून सुटलेलं नसणार.

ताई, मला भीती वाटते. डॉक्टरची वेळ घेतली आहे, येत्या सोमवारी सकाळची. हिला अजून सांगितलेलं नाही, पण ज्या बाईनं गाळणीसाठी चार दुकानं पालथी घातली असती आणि खुर्ची मात्र न विचारता घेऊ दिली, तिला कळलेलं नाही असं मी कसं समजू? म्हणजे एका घरात आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय आणि तू दुरून तिसरी. तू रविवारीच ये. तिच्या देखत बोल, माझ्या देखत बोल, जे दिसलं ते सगळं बोल. आणि एक गोष्ट मला एकट्याला सांग, ती विचारायलाच हे पत्र लिहिलं. बाबांना ठाऊक होतं का, की त्या रेषा तू ओढतेस? ठाऊक असून ते रोज जेवायला उठत होते का?

तुझाच,
शंकासुर