पेन्सिलीची रेघ

रुडकी,
३ मार्च १९५७

प्रिय रुखमा,

हे पत्र गडचिरोलीला तुझ्या रामाजीभाऊंच्या पाकिटात घालून पाठवतो आहे. ते स्वतः सिंदेवाहीला येऊन तुझ्या हातात देतील. सरळ घरच्या पत्त्यावर टाकलं असतं तर आधी बाबांनी उघडलं असतं, मग आईने दोनदा वाचून घेतलं असतं, आणि तुझ्यापर्यंत येता येता त्यात तुझं असं काही उरलं नसतं. घाबरू नकोस, मी बरा आहे. एका नकाशावरची एक रेघ शाईने भरायची राहिली आहे आणि तुला कळवल्यावाचून ती मी भरणार नाही, एवढ्यासाठीच लिहितो आहे. तिथवर यायला मला थोडा वेळ लागेल. तू म्हणतेसच ना, "तुमाले एक गोष्ट सरळ सांगताच येत नाई."

इथलं ठीक चाललं आहे. भात मागितला की खानावळीतला बिरजू काळजीने विचारतो, बाबूजी, तबियत खराब है क्या? या लोकांत भात आजाऱ्यानेच खायचा. अभ्यास म्हणशील तर निरनिराळ्या गावांची माती बाटल्यांत भरून ठेवली आहे. ती भिजवायची, वाळवायची, तिच्यावर वजन ठेवायचं आणि किती दबते ते बघायचं. इंजिनियर झाल्यावर आणखी दोन वर्षं नुसता रस्ता शिकायचा, हे आईला अजून पटलेलं नाही. निघताना म्हणाली होती, "रस्त्याचं का शिकाचं हाये रे बापू? पाय पडले का होते रस्ता." आईला मी उंटावरचा शहाणा वाटतो, आणि ती फारशी चुकत नाही.

मन लागलं का, असं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस. लागत नाही आणि उडतही नाही. गणितं बरोबर येतात. परवा बिरजू धावत आला, म्हणाला, भाजीत मीठ घालायचंच राहिलं होतं, सगळे ओरडले, आपने कैसे खा ली? मी ताट पुसून खाल्लं होतं. पोरं हसली, मीही हसलो. पुढे खोलीवर जाऊन आरशात पाहिलं, तर चेहरा रोजच्यासारखाच होता.

आता नकाशाचं. आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेल्यापासून खात्याची पत्रं मुंबईहून येतात. त्यांनी लिहिलं की आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्याची पाहणी तुम्हीच केली होती, तर त्याची पक्की रेघही तुम्हीच इथे अभ्यास म्हणून आखा, काम त्याच रेघेवर होईल. दिवाळीनंतर त्या रेघेवर खरी माती पडणार. कागद माझ्याच हातचे आहेत. त्यातले काही नदी ओलांडताना डोंगीत भिजलेले, आणि एकावर तुझ्या चहाच्या कपाचा गोल डाग आहे. मोजणीच्या दुर्बिणीच्या तिवईवर तू लुगडं वाळत घातलं होतंस आणि मी ओरडलो होतो, आठवतं? त्याच मुक्कामाचा तो कागद.

त्या कागदावर मी सपाट जमिनीत एक वळण काढलं. मुद्दाम काढलं नाही. हात तसा गेला आणि मी जाऊ दिला. आमचे सर म्हणजे फाळणीत लाहोरहून आलेला, फार सालस माणूस. त्यांनी वळणावर बोट ठेवून विचारलं, हे कशासाठी? रस्त्याच्या वळणाला कारण द्यावं लागतं. डोंगर असेल, नदी असेल, देऊळ असेल, मसणवट असेल. मागून कुणी तरी म्हणालं, वाटेत सासुरवाडी असेल, टाळतोय. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. म्हणाले, नीट विचार करून सांग, घाई नाही.

कारण होतं, पण एका लेकराची जागा नकाशात मसणवट ठरत नाही.

रुखमा, आपली वेणू तिथे आहे. त्या हिवतापात तूही तळमळत होतीस. तिला तुझ्या कुशीतून उचललं तेव्हा तुला शुद्ध नव्हती, आणि असती तरी तुला कुणी नेलं नसतं. एवढ्याशा जिवाला आपल्यात अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, आणि ती जागा पुरुषांनीच पाहायची. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. घरातही सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. पाळणा माळ्यावर गेला आणि विषय संपला.

पोचू होता माझ्याबरोबर, आपला मोजणीची साखळी धरणारा माडिया. मी नाल्याच्या काठाला चाललो होतो, त्याने हात धरून मागे ओढलं. "तिकडे नोको, साहेब. बरसातीत तिकडे समदं पानी. इथी ठेवू. इथी पानी येत नाई." मोहाच्या दोन झाडांमधे जरा उंचवटा आहे, तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पोचूने तिथे एक दगड उभा केला होता. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी करतात तसा. मला विचारलं नव्हतं. सोनीबाईने, त्याच्या बायकोने, दगडाला मोहाची फुलं वाहिली होती.

आणि त्याच दिवशी मी तिथे दुर्बीण लावली. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, तुला दाखवलं होतं मी. दगड वरून खाली लोंबत होता. मी आकडा वाचला, लिहिला, पोचूला पुढे जायची खूण केली. रात्री ताळा केला, तो बरोबर आला. तेव्हापासून मी असाच आहे. मला वाईट वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

आता खरी गोष्ट. त्या सगळ्या टापूत पावसाळ्यात न बुडणारी जमीन तेवढीच. म्हणून पोचूने ती तिच्यासाठी निवडली, आणि म्हणूनच रस्त्यालाही तीच लागते. वळण घातलं तर रस्ता नाल्याच्या पाणथळीत उतरतो आणि दरवर्षी आषाढात वाहून जातो. मग पोचूचं गाव पूर्वीसारखंच चार महिने तुटलेलं. सोनीबाईचं तान्हं तापलं तरी आलापल्लीचा डॉक्टर तिला नदीपलीकडचाच. मी तीनदा गणित मांडलं. सरळ रेघच बरोबर आहे. वळण मी खोडलं, सरांना सांगितलं की चूक झाली होती. आता तिथे सरळ रेघ आहे, पेन्सिलीची. नकाशा रामनवमीला द्यायचा आहे.

त्याआधी तू जाऊन ये. रामाजीभाऊंना मी वेगळं लिहिलं आहे, ते नेतील. आलापल्लीपर्यंत मोटर आहे, पुढे गाडीबैल. गावात पोचूचं घर विचार, तो दाखवील. मोहाचा मोसम आहे, सोनीबाई तिथेच फुलं वेचत असेल. घरात कुणी म्हणेल की बाईमाणसाने तिथे जायचं नसतं. त्यांना सांग, गुणवंताने पाठवलं. तिथे हवा तेवढा वेळ बस. रडू आलं तर माझ्या वाटचंही रड, मला ते जमलेलं नाही. दगड उचलून दुसरीकडे उभा करायचा असेल तर पोचू करील. मग मला दोन ओळी लिही. तू 'नको' म्हणालीस तर मी काय करीन, मला ठाऊक नाही. पण तुझं पत्र येईपर्यंत रेघ पेन्सिलीचीच राहील. तुला न विचारता तिच्यावर माती टाकली, ते एकदा झालं. दुसऱ्यांदा मी होऊ देणार नाही.

तुझाच,
गुणवंत